ओलीस देव

सुकायाच्या खोऱ्यात शिव्यांना तोटा नाही, पण सगळ्यांत जहरी शिवी एकच: ‘चुम्पीच्या हाताचा’. ज्याला ती हासडली जाते, त्याच्या घरचं पाणीही कोणी पीत नाही. शिवी देणाऱ्यांपैकी एकानेही चुम्पीला पाहिलेलं नाही. खरं काय घडलं ते तिथे जाऊन सांगावं, तर सांगणाराच मार खाऊन परत यायचा. म्हणून ते इथेच सांगितलेलं बरं.

चुम्पी आपू सिल्काचा पुजारी. आपू सिल्का म्हणजे झऱ्याच्या तोंडाशी बसलेला, भोपळ्याएवढा काळा दगड. खोऱ्याचं पाणी, पीक, पोरंबाळं, सगळं त्याच्या हवाली. इंकाच्या फौजेने खोरं जिंकलं तेव्हा तिने घरं जाळली नाहीत की देव फोडला नाही. उलट देवाला पालखीत बसवलं, उंची लोकरीचं वस्त्र पांघरलं आणि वाजतगाजत राजधानीला, कुस्कोला नेलं. जिंकलेल्या प्रत्येक मुलखाचा देव तिथे असाच मानाने राहत होता. सूर्य सगळ्यांचा बाप आणि इंका सूर्याचा मुलगा, तेव्हा बाकीचे देव त्याच्या घरचे पाहुणे, असं सांगितलं जाई. पाहुण्याला घरी परतायची मुभा तेवढी नव्हती.

देवाबरोबर चुम्पीही गेला. तेव्हा तो पंचविशीचा होता. धाकटा भाऊ ताकुरी घाटापर्यंत पोचवायला आला. ‘देवाला जप,’ एवढंच म्हणाला आणि मागे न बघता उतरला.

सतरा वर्षं चुम्पीने जपलं. रोज सकाळी देवापुढे मक्याच्या दारूचा पेला, कोकाची पानं, सणाला लामाचं मांस. कोठारातून सगळं वेळच्या वेळी येई. दरबाराने कधी हात आखडता घेतला नाही. त्या दरबाराचं एवढं मान्य करायलाच हवं, की तो गळा दाबायचा तोही रीतभात सांभाळून.

अठराव्या वर्षी खोऱ्यात बंड झालं. इंकाच्या किल्ल्यावर पाळीने राबायला नेलेली माणसं तीन वर्षं झाली तरी परतली नव्हती. लोकांनी इंकाचा कारभारी हाकलला आणि खोऱ्यात शिरायचा एकुलता एक झुलता पूल तोडून टाकला. फौज नदीच्या अलीकडे अडकली. बंडाचा पुढारी होता ताकुरी.

दरबाराला घाई नव्हती. कानात सोन्याच्या चकत्या घातलेला एक अधिकारी चुम्पीकडे आला, देवाला नमस्कार करून बसला आणि अगदी शांतपणे बोलला.

‘तुझ्या देवाने लेकरांना वळण लावलेलं दिसत नाही. खोरं शरण येईपर्यंत त्याला रोज चौकात चाळीस फटके बसतील.’

चुम्पीने त्याचे पाय धरले. अधिकाऱ्याने त्याला उठवलं.

‘आम्ही नाही मारणार रे. परक्याने त्याला शिवायचं नाही, हा तुमचाच नियम ना? सतरा वर्षं आम्ही तो पाळला. आता कशाला मोडू? मारशील तू.’

नाही म्हटलं तर देव फोडून त्याचा भुगा नदीत जाणार होता. आई जेवू घालीना, बाप भीक मागू देईना, अशी गत. चुम्पी देवाचं वस्त्र धुवायला म्हणून नदीवर गेला आणि पाण्यात पाय घालून दुपारभर बसला. पायाशी काळे गोटे होते. त्यातला एक त्याने उचलला, वस्त्रात गुंडाळला आणि घरी आणला. खरा देव वाळल्या बटाट्यांच्या टोपलीत तळाशी गेला. देवाला उघडा पाहिलेला माणूस सतरा वर्षांत कुस्कोत चुम्पीखेरीज कोणी नव्हताच.

दुसऱ्या दिवशी चौकात चुम्पीने त्या गोट्यावर तांब्याच्या गाठींचा आसूड ओढला. नदीच्या अलीकडे पकडलेली खोऱ्यातली माणसं दूर, शिपायांच्या कड्यात उभी केली होती. त्यांना तमाशा दाखवायचा आणि तुटलेल्या पुलापाशी नेऊन सोडायचं; पलीकडून दोर टाकून गाव त्यांना ओढून घेई. बातमी पोचायला हवी होती. चुम्पीने डोळ्यांनी काही सांगायचा प्रयत्न केला, तर ती माणसं त्याच्या दिशेने थुंकली. सुरुवातीला त्याला मनातून हसूही आलं. वाटलं, दरबाराला फसवलं, देव वाचला, आणि ताकुरी काय ते समजून घेईल.

मग हसू मावळलं. टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही म्हणतात, आणि त्या बिचाऱ्या गोट्याने तर काही गुन्हा नसताना चाळीस दिवस सोसले. घरी आलं की चुम्पी आधी त्याच्यावर पाणी घाली.

एक्केचाळिसाव्या दिवशी खोरं शरण आलं. गावाची मोठी माणसं कुस्कोला आली, त्यांत चुम्पीचा मामा पावकारही होता. दरबाराने देवाला नवं वस्त्र दिलं, मेजवानी दिली. चुम्पीने खरा आपू सिल्का पुन्हा आसनावर बसवला होता. सतरा वर्षांनी मामाने तो सगळीकडून चाचपला.

‘एक ओरखडा नाही,’ मामा म्हणाला आणि रडू लागला.

चुम्पीने ताकुरीचं विचारलं.

‘आम्हीच बांधून दिलं त्याला. पूल पुन्हा बांधला आणि त्यावरून पलीकडे नेऊन दिला. तिथेच फौजेने मारलं त्याला.’ मामा खाली बघत होता. ‘झरा बारीक झाला होता, चुम्पी. लोक म्हणाले, देव रडून रडून आटला. ताकुरी शेवटपर्यंत एकच धरून बसला होता. म्हणे, माझा भाऊ देवावर हात उचलणारच नाही, काहीतरी युक्ती केली असेल त्याने, पावसाने नदी चढेपर्यंत धीर धरा. पण आमची माणसं डोळ्यांनी बघून आली होती रे.’

चुम्पीने टोपलीकडे पाहिलं. टोपलीमागे तो गोटा पडला होता, कडा उडालेला.

मामाचा हात पुन्हा देवावरून फिरला, आणि मध्येच थांबला. त्याच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला.

‘तू मारलंस ना रे?’ त्याने विचारलं. ‘खरंच मारलंस ना?’

दाराशी शिपाई उभा होता, पण चुम्पीला त्याची भीती वाटली नाही. ‘नाही’ हा शब्द ओठांवर होता. चाळीस दिवसांत एकट्या ताकुरीने त्याला ओळखलं होतं, त्याच्यासाठी तरी तो बोलायला हवा होता. पण समोर सत्तरीचा म्हातारा होता आणि त्याने बहिणीचा मुलगा स्वतःच्या हाताने दोरीने बांधला होता.

‘मारलं, मामा,’ चुम्पी म्हणाला. ‘रोज चाळीस. हात भरून यायचे.’

मामाने मोठा श्वास सोडला. कितीतरी दिवसांनी सोडल्यासारखा. चुम्पीने देवापुढे पेला ठेवला आणि रीतीप्रमाणे दुसरा भरून मामापुढे धरला.

‘तुझ्या हातचं नको,’ मामा म्हणाला. त्यात राग नव्हता. तो उठला आणि बाहेर जाऊन इतरांजवळ बसला.