कोहळ्याची बोली

कोहळं चिरलं की त्याचा ओला, गोडसर वास येतो आणि मला अकोल्यातल्या आमच्या चर्चचं अंगण आठवतं. कापणीचा सण होता. वेदीपुढे अर्पण केलेली ज्वारी, संत्री, भाज्या उपासनेनंतर अंगणात लिलावाला निघाल्या होत्या. बायको दवाखान्यात बेशुद्धावस्थेत होती. तिनं गच्चीवर वाढवलेलं कोहळं तिनं आधीच देवाला दिलेल्या शब्दाप्रमाणे मी अर्पण केलं खरं, पण आता तेच मला घरी परत हवं होतं. मी भाजीचा व्यापारी, बोलीत कुणाला हार जाणारा नव्हे. पण ज्या सेक्रेटरीनं मला चर्चच्या कमिटीतून काढलं होतं, तोच भाव चढवत गेला. "काहून भांडून राहिला बे माह्याशी?" मी ओरडलो. "तू गप राय न भाऊ!" म्हणत त्यानं कोहळं जिंकलं, डोक्यावर धरलं, माझ्या बायकोसाठी मोठ्यानं प्रार्थना केली आणि म्हणाला, "हे देवाले परत! बोला पुन्हा!" घेतलेली वस्तू परत लिलावात द्यायची आमची रीतच आहे, रागात मी ती विसरलो होतो. मग झुंबड उडाली. जो घेई तो तिच्यासाठी प्रार्थना करी आणि कोहळं परत ठेवी. म्हाताऱ्या, कॉलेजच्या पोरी, सगळ्याच ओरडत होत्या. मीही ओरडू लागलो, "प्रभू, वाचव तिले!" घासाघीस न करता मी पहिल्यांदाच काही मागत होतो. बायको पुढे बरी झाली. कमिटीचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही, पण त्या सेक्रेटरीच्या घरी कुणी आजारी पडलं की प्रार्थनेत सगळ्यांत मोठा आवाज माझाच असतो.