क्लच नसलेली मोटार आणि माझे थोरले साडू

ज्या वस्तूत काहीच बिघाड नाही अशी वस्तू परमेश्वरानं अजून घडवलेली नाही, असं माझे थोरले साडू मानत, आणि परमेश्वराशी त्यांचं पटत होतं तेही एवढ्याच कारणानं. आमच्या बायका सख्ख्या बहिणी. मी परभणीत शाळामास्तर, ते मानवतला मोटारींचे मिस्त्री. निजामी अमदानीत ते सरकारी मोटारखान्यात काम शिकले होते. पोलीस ॲक्शननंतर तिथून बाहेर पडून त्यांनी मानवतच्या धान्याच्या मोंढ्यामागं पत्र्याची शेड टाकली. पण गावात मोटारी होत्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या, त्यामुळे उरलेल्या वेळात साडू बाकीच्या सृष्टीची तपासणी करीत. माझ्या लग्नात मंगलाष्टकं रंगात आली असताना त्यांनी एकाएकी मान तिरपी केली, मांडव ओलांडून सनईवाल्यापाशी गेले आणि म्हणाले, "पाव्हणं, तुमची जिभाळी चिरलीय." सनईवाला चिडला, पण त्यानं तोंडाशी बसवलेली ती पत्ती काढून पाहिली तर खरंच चिरलेली. तो दुसरी बसवीपर्यंत भटजी थांबले, अंतरपाट धरणाऱ्यांचे हात भरून आले आणि मी हातात हार घेऊन उभा. मुहूर्त गेला की राहिला, ते आजवर आम्हाला कुणी सांगितलेलं नाही. संसारात काही बिनसलं की आमची बायको अजून साडूंकडे बोट दाखवते.

तेल हा त्यांचा दुसरा जिव्हाळा. कुठल्याही यंत्रातलं तेल ते आधी बोटांत चोळून पाहत, मग हुंगत आणि शेवटी डोळे मिटून जिभेच्या टोकाला लावत. माझ्या मेहुणीची कायमची तक्रार अशी, की वरणात मीठ पडलेलं नसलं तरी या माणसाला पत्ता लागत नाही, पण शेजारच्या पिठाच्या गिरणीतलं वंगण बदललं की घरबसल्या वासानं कळतं. या सगळ्यामागं एक पद्धत होती. रोगी मोटार घेऊन आलेला माणूस काय होतंय ते घडाघडा सांगू लागला की साडू त्याला हातानंच थांबवीत. "काय झालं ते कुनीबी सांगतंय. त्याच्या आधी काय केलं, तेवढं सांगा," असं ते म्हणत. या प्रश्नाला खरं उत्तर सहसा मिळत नसे, आणि तिथूनच त्यांना खरी गोडी वाटायला लागे.

त्या गोडीचा कळस मी गणपतीच्या सुट्टीत मानवतला गेलो असताना पाहिला. तिथल्या एका कापसाच्या जिनिंगच्या मालकांनी हैदराबादच्या कुणा जहागीरदाराची जुनी अमेरिकन मोटार घेतली होती. जहागिरी गेल्यावर त्या शहरात अशा मोटारी बेवारशी गुरांसारख्या उभ्या होत्या म्हणे. ही मोटार रंगानं मोरपंखी, लांबीला आमच्या शाळेच्या व्हरांड्याएवढी, आणि तिचं मोठं नवल म्हणजे तिला क्लचच नव्हता. पाय फक्त दाबायचा, गेर तिचे तीच बदलायची. ती चालवण्यासाठी मालकांनी जहागीरदाराचा म्हातारा ड्रायव्हरही गाडीबरोबरच आणला होता. त्याला सगळे मियाँ म्हणत. तो गाडीला हात लावण्याआधी आपले हात धुवायचा.

त्या दिवशी मालकांचा निरोप आला, म्हणून साडू आणि मी जिनिंगच्या आवारात गेलो. मोटार कडुलिंबाखाली उभी होती. तिच्याजवळ मियाँ, आणि मियाँच्या पायाशी दोरीनं बांधलेली त्याची पत्र्याची पेटी. मालक खुर्चीवर बसले होते. त्यांच्यामागं त्यांचा सालगडी उपरण्यानं तोंड झाकून उभा होता. जिनिंगची पाचसात माणसं कामं सोडून जमली होती.

"मिस्त्री," मालक म्हणाले, "गाडी गेर बदलंना झालीय. यानं खराब केली. तेवढं तुमच्या तोंडानं चारचौघांत सांगा, म्हंजी मी याला मोकळा करतो."

मियाँ हळूच म्हणाला, "हमारे कू आठ दिन से बुखार था, मिस्त्रीसाब. गाडी कू हात भी नै लगाया."

"आधी काय केलं होतं गाडीनं?" साडूंनी मालकांना विचारलं.

"काय करती? उभी व्हती."

"काई वजन बिजन वडलं का?"

"वजन?" मालक दुखावल्यासारखे झाले. "मोटार हाय का बैल हाय ती?"

सालगड्यानं उपरणं आणखी वर ओढलं. साडूंनी त्याच्याकडं एकदा पाहिलं आणि ते गाडीत बसले. मी मागं बसलो. गाडी निघाली ती झोपेतून उठवल्यासारखी, जरा थांबून. थोडा वेग आला आणि दुसऱ्या गेरात जायची वेळ झाली, तसं इंजिन एकदम मोठ्यानं ओरडलं, पण गाडी काही पुढं सरसावेना. पाय सैल सोडल्यावर कुठं एक धक्का देऊन तिनं गेर धरला. साडूंनी चार फेऱ्या मारल्या. दर वेळी तीच आरडाओरड, तोच धक्का. मागं घेतानाही ती थोडी रेंगाळली. मग त्यांनी गाडी लिंबाखाली आणली, बॉनेट उघडून तेलाची सळई बाहेर काढली आणि तिच्यावरचं तेल बोटांत चोळून, हुंगून, जमलेल्यांच्या देखत चाखलं. आणि थुंकले.

"करपलंय," ते म्हणाले.

नवं असताना हे तेल डाळिंबाच्या रसासारखं लाल असतं, ते आता काजळासारखं काळं झालं होतं. साडूंनी मालकांना समजावलं, ते मला आजही पाठ आहे. "हिचे गेर मानूस बदलत न्हाई, तेल बदलतंय. वजन लय झालं की तेल तापतंय. तापलं की पातळ व्हतंय. पातळ झाल्यावर दाब कुठून यावा? दाब न्हाई म्हंजी आतले पट्टे घसरायलेत, आन् घसरून घसरून भाजायलेत." मग त्यांनी गाडी उचलून टेकू दिले, खालचं तेलाचं भांडं सोडवलं आणि तळाचा गाळ ओंजळीत घेऊन उन्हात धरला. बारीक काळी भुकटी होती, लोखंडाचा चुरा नव्हता. "दात शाबूत हायेत. गाडी वाचती," असं म्हणून ते परत गाडीखाली शिरले.

आता तेलाचं निदान झालं होतं, भांडं हातात होतं, तर माणसानं बाहेर यावं की नाही? पण साडू येईनात. खालून नुसते पाय दिसत होते, आणि पायांच्या हालचालीवरून मला कळलं की त्यांना फार आनंद झालेला आहे. बऱ्याच वेळानं ते मागच्या बाजूनं निघाले आणि बंपरच्या आत अडकलेले काथ्याच्या दोरखंडाचे चार धागे त्यांनी बॉनेटवर ठेवले. त्यांच्या शेजारी चाकाच्या वरून खरवडलेलं शेतातल्या काळ्या चिखलाचं वाळकं ढेकूळ ठेवलं. मग ते गाडीच्या तोंडाकडं गेले. तिथं पुढच्या जाळीत मुंग्यांची एक रांग आत जात होती, दुसरी बाहेर येत होती. जाळीवर बैलांच्या शिंगांना लावतात तो हिंगूळ लागलेला होता. साडूंनी तो नखानं काढून हुंगला. मग जाळीत दोन बोटं घालून त्यांनी हलक्या हातानं एक वाळकी पुरणपोळी बाहेर काढली आणि ढेकळाशेजारी मांडली.

जमलेली माणसं वाकून बघायला लागली. साडू अदबीनं म्हणाले, "मालक, तुमच्या गाडीनं पोळा केलाय."

तेव्हा उपरण्याआडून सालगड्याचा आवाज आला. "मी म्हनलं व्हतं मालक, बाशिंग सोडलं तसं त्वांडबी धुऊन काडा म्हून."

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. मालकांनी शेतातल्या विहिरीसाठी ऑइल इंजिन मागवलं होतं आणि पोळ्याच्या दिवशी पाणी काढून दाखवतो, असं गावभर सांगून ठेवलं होतं. इंजिन स्टेशनवर येऊन पडलं, पण पोळ्याला बैल कोण जुंपणार? बैल शिंगं रंगवून, झुली पांघरून मिरवणुकीत. मियाँ तापानं फणफणलेला. शेवटी मालकांनी लोखंडी चाकांच्या गाड्यावर इंजिन चढवलं, गाडा दोरखंडानं मोटारीला बांधला आणि स्वतः पाय दाबून बसले. स्टेशनपासून शेतापर्यंत, वरून पाऊस, खाली काळी माती. निम्म्या वाटेपासून गाडी ओरडत होती, आणि मालकांना वाटत होतं, जोर करतेय. शेतावर पोचल्यावर सालगडी म्हणाला, आज जो वजन ओढतो त्याची पूजा झालीच पाहिजे. मग गाडीला बाशिंग बांधलं, हिंगूळ लावला, ओवाळलं आणि पोळीचा घास भरवला. इंजिन त्या दिवशी सुरू झालंच नाही, ते वेगळं. त्याच्यातलं काय बिघडलं होतं ते साडूंना पुढं दोन दिवस पुरलं.

मालकांनी टोपी काढली, डोकं पुसलं, टोपी घातली. त्यांच्या जागी मी असतो तर आत निघून गेलो असतो. मालक बॉनेटवरच्या पोळीकडं पाहत राहिले आणि मग त्यांचं पोट हलायला लागलं. बघता बघता सगळं आवार हसत सुटलं. मियाँ तेवढा हसला नाही. तो पेटीजवळ तसाच उभा होता. हसू ओसरल्यावर मालक त्याच्याकडं न बघता म्हणाले, "मियाँ, पेटी आत ठिवा."

"हौ, मालिक," मियाँ म्हणाला. पण दोरीची गाठ काही त्याला सुटेना. साडूंनी जाऊन ती सोडून दिली.

"आन् मालक, येत्या पोळ्याला हिला सुट्टी द्या," ते जाता जाता म्हणाले.

तेल सिकंदराबादहून आगगाडीनं आलं. साडूंनी आतलं सगळं धुऊन काढलं, पट्टे आवळले, नवं तेल भरलं. चालवून पाहायला मियाँच बसला. मोंढ्यातून स्टेशनाकडं जाताना गेर कधी बदलला ते कुणालाच कळलं नाही. मियाँनं मात्र दर वेळी बोट वर करून दाखवलं.

तेव्हापासून दर शुक्रवारी नमाज झाला की मियाँ शेडवर येऊन बसे. एक गाडीकडं फक्त चालवणाऱ्याच्या नजरेनं बघे, दुसरा फक्त दुरुस्त करणाऱ्याच्या, त्यामुळे दोघांचं कधीच एकमत झालं नाही आणि भांडायला विषय कधी कमी पडला नाही. पुढं राज्यांची नवी वाटणी झाली. हैदराबाद आमच्यासाठी परराज्य झालं. मालकांनी जीप घेतली, मोरपंखी गाडी विकली आणि मियाँ हैदराबादला आपल्या लेकीकडं राहायला गेला. त्याची कार्डं येत, उर्दूत. साडूंचं शिक्षण उर्दूतूनच झालेलं. ते कार्ड हातात धरून आम्हाला सरळ मराठीत वाचून दाखवीत. खुशाली संपली की मियाँ हमखास तिथल्या कुणाच्यातरी मोटारीची तक्रार लिहायचा, शेजाऱ्याची गाडी सकाळी खोकते, अमक्याची चढावर दम टाकते. आणि साडू दुपारभर विचार करून उलट टपाली तिचं निदान कळवीत. आधी काय केलं होतं, हे विचारायला ते कार्डातही विसरत नसत.

मग एका दिवाळीला कार्ड आलं नाही. साडूंनी दोन पाठवली, त्यांनाही उत्तर नाही. मी त्यांना म्हणालो, "मला सुट्टी आहे. पत्ता आपल्याकडं आहे. जाऊन येऊ की."

साडू बराच वेळ चिंधीनं हात पुसत राहिले. हात केव्हाच स्वच्छ झाले होते.

"जाऊ की, मास्तर," ते म्हणाले. "पर दार दुसऱ्याच कुनी उघडलं, आन् मियाँ आता न्हाई म्हनलं, तर मंग मी कार्ड कुनाला लिवावं?"

आम्ही गेलो नाही. पुढच्या महिन्यात त्यांनी आणखी एक कार्ड लिहिलं आणि टपालात टाकायला माझ्याकडं दिलं. थोडंफार उर्दू मलाही वाचता येतं. खुशाली विचारून झाल्यावर खाली लिहिलं होतं, शेजाऱ्याच्या गाडीचा खोकला थांबला का, ते कळवावं.