पोह्यांची दहा मिनिटं

निवृत्त होऊन काही वर्षं झाली, रक्तदाबाची गोळी रोज सकाळी नेमाने घेतो, तरी अन्नपूर्णा भागातल्या त्या गाडीचं प्रकरण आठवलं की माझं डोकं आजही तापतं. नोकरीत मी खून पाहिले, दरोडे पाहिले. त्यातल्या कितीतरी आरोपींचे चेहरे आता आठवतही नाहीत. या प्रकरणात कुणाला साधं खरचटलंही नव्हतं. पण यातल्या दोघांना मी अजून माफ केलेलं नाही.

तेव्हा मी इंदूरच्या एका ठाण्याचा टी.आय., म्हणजे मुख्य अधिकारी होतो. सकाळची हजेरी आटोपून रोजनामचा चाळत होतो, तोच साठी उलटलेल्या एक बाई आत आल्या. त्या निवृत्त शिक्षिका आहेत हे सांगावं लागत नव्हतं. खुर्चीत बसण्याआधी त्यांनी माझ्या टेबलावरच्या वाकड्या फायली सरळ केल्या. त्यांच्यामागे ग्रीसने हात काळे झालेला एक वयस्क मिस्त्री उभा होता.

बाईंचे यजमान वर्षभरापूर्वी वारले होते. त्यांची मोटार दारात उभी होती, बाईंना चालवता येत नव्हती, एकुलती मुलगी बंगळुरूला. गाडी विकायचं ठरलं तेव्हा बाईंनी वर्गात शिकवायला जावं तसा अभ्यास केला. गाडी कोणत्या सालची, किती किलोमीटर धावली, टायर कधी बदलले, विमा कधीपर्यंत आहे, सगळं एका कागदावर उतरवलं. तशाच गाड्या शहरात कितीला जातात ते मुलीकडून फोनवर काढून घेतलं. सर्व्हिसिंगच्या पावत्यांची फाइल तर यजमानांनीच तारीखवार लावून ठेवली होती. चार लाखांच्या आसपास किंमत यावी असा त्यांचा अंदाज निघाला. तो बरोबर होता, हे मी आधीच सांगून ठेवतो.

जाहिरात वाचून दोघे जण आले. एक जुन्या गाड्यांचा दलाल, दुसरा त्याचा साथीदार. बोलायला अदबशीर, चपला दाराबाहेर काढल्या, पाणी मागून प्यायले. गाडी चालू करून पाहिली, छान आहे म्हणाले. मग चौकात एक फेरी मारून आले, तो मागून धुराचा लोट.

“मला बोनेट खोलून दाखवलं साहेब,” बाई सांगत होत्या. “पाण्याच्या टाकीत काळं तेल तरंगत होतं. तो बोलला, आंटीजी, इंजिन खत्म आहे, खोलायचा खर्चच लाखाच्या वर जाईल. मी काय बोलणार? मला त्यातलं काय समजतं?”

सौदा सव्वा लाखात झाला. ट्रान्सफरच्या फॉर्मवर बाईंनी स्वतः सही केली होती.

मी ऐकून घेतलं आणि ठाण्यात दिवसातून चारदा देतो ते उत्तर दिलं. “काकू, सही तुम्ही राजीखुशीने केलीत. सौदा महागात पडला म्हणून एफआयआर होत नाही. दिवाणी मामला आहे.” एवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं. पण खाकी अंगावर असली की शहाणपण पाजळायची खोड लागते. मी वर म्हणालो, “आणि पुरुष माणसं घरात सगळंच सांगतात असं नाही. गाडीला आधीपासून काही असेल.”

बाईंनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी चौथीच्या वर्गात पाढा चुकलोय.

“पैशाचं राहू द्या साहेब. हेच तो माणूस बोलला होता. अंकलजींना मालूम होतं, तुमच्यापासून छुपवलं, म्हणे. आणि मी ते खरं मानलं! चाळीस वर्षं संसार केला त्यांच्याशी. घरी जाऊन त्यांचा बैठकीतला फोटो उतरवला मी, आलमारीत ठेवून दिला. महिना झाला, फूल नाही वाहिलं. आता हा मिस्त्री वेगळंच सांगतोय. माझे मिस्टर खोटं बोलले की नाही, तेवढं शोधून द्या मला.”

मला माझीच लाज वाटली. मिस्त्रीला पुढे बोलावलं.

ही गाडी तो दहा वर्षं पाहत आला होता. विक्रीच्या वेळी तो नेमका गावी लग्नाला गेलेला. इंदूरमध्ये गाडी नवी असो की जुनी, घेतली की आधी खजरान्याच्या गणपतीला जाते. मिस्त्रीही दर बुधवारी तिथे जायचा. आदल्या दिवशी मंदिराबाहेर त्याला हीच गाडी दिसली, झेंडूचा हार घालून उभी.

“साब, मैंने नए मालिक से बोनेट खुलवा के देखा,” तो म्हणाला. “इंजिन को किसी ने पाना तक नी लगाया. गाड़ी मक्खन चल री है. मरा हुआ इंजिन अपने आप ज़िंदा होता है क्या?”

त्या नव्या मालकाने गाडी चार लाखांच्या वर पैसे मोजून घेतली होती. कोणाकडून, तर त्याच दलालाकडून.

दिवाणी मामल्याची माझी फाइल तिथेच मिटली. फसवणुकीचा गुन्हा नोंदवला. नव्या मालकाचा जबाब घेतला, तो बिचारा भला माणूस होता. सरकारी तपासनिसाकडून गाडी तपासून घेतली. इंजिन कधीच उघडलेलं नाही, असा लेखी अहवाल मिळाला. मग दलालाला बोलावलं.

गळ्यात गणपतीचं लॉकेट, कपाळाला टिळा. समोर बसला तोच चोराच्या उलट्या बोंबा सुरू. “सर, आंटीजी को अब रेट पता चला तो तकलीफ हो री है. इंजिन तो मैंने बनवाया.” कुठे बनवलं, विचारलं. त्याने एका गॅरेजचं नाव घेतलं. शिपाई पाठवला, गॅरेजवाल्याने ती गाडी पाहिलीही नव्हती. मग दुसऱ्या मिस्त्रीचं नाव निघालं, त्याचा म्हणे फोन हरवला होता. मी आवाज चढवला नाही. खोटं बोलणाऱ्याला बोलू द्यावं, तो आपल्याच पायात अडकतो. पण हा गडी मुरलेला होता. दुपार झाली तरी हाती काही लागेना.

पंचनामा करून त्याचा फोन जप्त केला होता. आमचे हवालदार त्यातली नावं कागदावर उतरवत होते. उतरवता उतरवता ते थांबले आणि कागद माझ्यापुढे सरकवला. गाडी विकणाऱ्यांची नावं त्याने अशी साठवली होती: ‘सुदामा नगर अंकल चाय’, ‘तिलक नगर आंटी चाय’, ‘राजवाडा भिया कुछ नहीं’ (इंदुरात भैयाला भिया म्हणतात). आणि आमच्या बाईंच्या नंबरपुढे लिहिलं होतं, ‘अन्नपूर्णा आंटी पोहा’.

साथीदाराला वेगळ्या खोलीत बसवलं होतं. तो वयाने लहान, कच्चा. मी त्याच्यापुढे कागद ठेवला आणि एवढंच विचारलं, “पोहा म्हणजे काय रे?”

तो म्हणाला, “साहब, चाय में पाँच मिनट मिलते हैं. पोहे में दस.”

तळपायाची आग मस्तकात जाणे म्हणजे काय, ते मला त्या दिवशी कळलं. हे दोघे मुद्दाम म्हाताऱ्या, एकट्या माणसांच्या गाड्या शोधायचे. त्यातही मराठी घर दिसलं की खूश व्हायचे. मराठी घरात दारी आलेल्या माणसाला चहाशिवाय पाठवत नाहीत, सकाळची वेळ असली तर पोहे ठरलेले. घरची बाई स्वयंपाकघरात गेली की एकाने दारापुढच्या ओट्यावर बसून मोठ्याने गप्पा मारायच्या आणि दुसऱ्याने बाटलीतलं जळकं तेल गाडीच्या पाण्याच्या टाकीत ओतायचं. थोडं सायलेन्सरच्या नळीत. मग फेरी मारली की धूर निघणार आणि टाकीत तेल तरंगणार. घरी नेऊन टाकी धुतली की गाडी पुन्हा ठणठणीत.

“आंटी जल्दी बाहर आ गई थी,” तो पोरगा सांगत होता. “सायलेन्सर बाकी था. तो उस्ताद ने बोला, आंटीजी, पोहे बहुत बढ़िया हैं, और मिलेंगे क्या?”

खाल्ल्या घरचे वासे मोजणारी माणसं मी पुष्कळ पाहिली. पण घास तोंडात असताना वासे उपटणारी ही पहिलीच. शिवाय जाताना त्या माउलीच्या मेलेल्या नवऱ्याला खोटारडा ठरवून गेले. किंमत पाडायला धूर पुरेसा होता. ते वाक्य कशासाठी होतं? तर बाईंनी लाजेपोटी मिस्त्रीला फोन करू नये म्हणून. आणि बाईंनी खरंच केला नव्हता.

तेलाची बाटली दलालाच्या दुकानातून जप्त झाली, यादीतली आणखी तिघं तक्रार द्यायला आली, दोघे आत गेले. गाडी नव्या मालकाकडेच राहिली, त्यात त्याची चूक नव्हती. बाईंची उरलेली रक्कम दलालाला कोर्टात भरावी लागली.

जुनी गाडी विकणाऱ्यांना मी तेव्हापासून एकच सांगतो. किंमत स्वतः काढा, ती बहुतेक बरोबरच निघते. घेणारा येण्याआधी आपल्या मिस्त्रीला दाखवून त्याच्याकडून दोन ओळी लिहून घ्या. आणि परका माणूस गाडीजवळ असेतोवर तिथून हलू नका. दारी आलेल्याला काही खायला देऊ नका, हे मात्र माझ्याने कधी कुणाला सांगवलं नाही.

पुरवणी जबाबावर सही घ्यायला मी स्वतः बाईंच्या घरी गेलो. बैठकीत यजमानांचा फोटो पुन्हा भिंतीवर होता आणि त्याला मोगऱ्याचा ताजा हार. बाईंनी सही करून पेन परत दिलं.

“त्यांची माफी मागितली मी,” म्हणाल्या. मग, “एक सांगू साहेब? त्या दोघांतला मोठा दुसऱ्यांदा मागून खात होता. भुकेला असेल, नाही? घरचं खायला मिळत नसेल.”

दुसऱ्यांदा का मागितले होते, ते मला ठाऊक होतं. मी जबाबाचा कागद फायलीत लावला.

“बसा तुम्ही. पोहे टाकते,” असं म्हणून बाई उठल्या. आतून त्यांचा आवाज आला, “दहा मिनिटं लागतील हं!”

दार सताड उघडं होतं. टेबलावर त्यांची पर्स, चष्मा, घराच्या किल्ल्या तशाच पडल्या होत्या. फोटोतले यजमान माझ्याकडे बघत होते. टोपी मांडीवर घेऊन मी ती दहा मिनिटं जागचा हललो नाही.