जांभळ्या बेसिलचे डोहाळे

आता तुम्ही हसणारच आहात, तर हातातला चहा आधी खाली ठेवा. उगाच कपडे खराब व्हायचे!

आमची रेवती, एकुलती एक लेक, पुण्याला असते. दिवस गेले होते तिला. एका सकाळी तिचा फोन आला. आमच्या भिंतीला लागून शेजाऱ्यांचे यंत्रमाग. ते सुरू झाले की स्वतःचा आवाज स्वतःला ऐकू येत नाही!

"बाबा, मला जांभळी बेसिल खावीशी वाटतेय!"

"कसली?"

"जांभळी बेसिल!"

"बरं बरं!"

तिची आई असती, तर तिनं नीट विचारून घेतलं असतं. पण ती गेली. आता लेकीचे डोहाळे पुरवायचे कुणी? बापानंच की!

बियाण्याच्या दुकानात गेलो. दुकानदार म्हणाला, "बेसिल म्हंजे इटलीची तुळसच समजा की काका. हिरवीचं बी हाय, जांभळीचं न्हाय."

"मागवा मग."

"हिरवीच लावा की. चव सारखीच."

"अहो, लेकीला जांभळी हवीय! डोहाळ्यात आपण रंग बदलायचा व्हय?"

बी आलं. मोठ्या कुंडीत पेरलं, पाणी शिंपडलं. थोड्या वेळानं बघतो तर काय, दाण्यादाण्यावर पांढुरका चिकट थर! तसाच दुकानात पळालो.

"बुरशी लागली हो!"

"काका, फालुद्यातला सब्जा बघितलाय का कधी? तसंच फुगतंय हे. घरी जावा. कुंडीतल्या बाळाला झोपू द्या."

रोपं उगवली. इवलीशी जांभळी पानं! पण सोलापूरचं ऊन तुम्हाला माहीत आहे. रेवतीच्या आईनं पाहुण्यांसाठी म्हणून जपून ठेवलेली नवी कोरी चादर मी काढली आणि कुंडीवर मांडव घातला. आता बोला!

मध्ये रेवतीचा फोन. मी ऐटीत सांगितलं, "तुझ्यासाठी घरीच पेरलंय!"

"अहो, पेरलं कशाला? मंडईत जुडी मिळते की!"

मी मनात म्हटलं, पुण्याला जाऊन पोरगी गाव विसरली. आमच्या मंडईत जांभळी बेसिल?

"देठ लाल झाले का बाबा?"

"लाल? अगं, अख्खं झाड जांभळं झालंय!"

पलीकडे जरा वेळ शांतता. मला वाटलं, आनंदानं बोलती बंद झाली.

डोहाळजेवणाला ती आली. चपलाही काढू न देता तिला गच्चीवर नेलं. जिना हळूहळू चढवला, चादर बाजूला केली.

"घे! तुझी जांभळी बेसिल!"

ती कुंडीकडे बघते, माझ्याकडे बघते.

"बाबा... मी अंबाडी-बेसन म्हणाले होते."

"काय?"

"अंबाडी-बेसन! आई करायची ते!"

मी तिथंच कठड्याला टेकलो. ती पोट धरून हसत सुटली. हसता हसता तिचा हात चादरीवर गेला आणि हसू थांबलं.

"ही आईची चादर ना?"

"रोपांना ऊन लागत होतं गं."

तिनं एक पान खुडलं, चोळून हुंगलं आणि कितीतरी वेळ हात नाकाशी धरून बसली.

संध्याकाळी मंडईतून अंबाडी आणली. ती स्टुलावर बसून सांगत होती, मी करत होतो. बेसनाच्या गुठळ्या इतक्या झाल्या, की वाटाव्यात भजी!

"आईसारखं नाही झालं गं," मी म्हणालो.

"नाहीच झालं," ती म्हणाली, आणि भाकरीनं पातेलं पुसून खाल्लं.

आता पुण्याला नात झालीय. परवा बारशाचं बोलावणं करायला रेवतीचा फोन आला. मी विचारलं, "नाव काय ठरवलंय?"

"ते नाही सांगणार बाबा. तुम्ही इकडे या, मग तुमच्या कानात सांगते. नाहीतर चांदीच्या वाटीवर काय कोरून आणाल, नेम नाही!"