काकू, तुम्ही चाफा व्हा

मला कागदावर बाग काढता येत नाही. नववीत शाळा सुटली ती गणितापायीच, आणि बागेचा नकाशा म्हणजे पुन्हा तेच गणित: एक इंच म्हणजे पाच फूट. म्हणून मी जागेवरच आखतो. माझ्याकडे एक फूट म्हणजे एकच फूट. कबड्डीचं मैदान आखतात ती पांढरी फक्की घ्यायची आणि पायवाट, हिरवळ, वाफे सगळं जमिनीवर खऱ्या मापाने काढायचं. झुडपाच्या जागी पालथं घमेलं ठेवायचं. मोठ्या झाडाच्या जागी माणूस उभा करायचा, हातात उघडी छत्री देऊन. मालकाने खिडकीत बसून बघायचं आणि सांगायचं, झाड तिथे बरं दिसतं का. माणूस सरकवता येतो, वाढलेलं झाड सरकवता येत नाही.

नर्सरीतली नोकरी सोडून स्वतःच्या अंगावर घेतलेलं पहिलं काम शेवगावजवळच्या एका गावात मिळालं. एका निवृत्त गुरुजींनी शेतात नवं घर बांधलं होतं, त्याच्यापुढे बाग करायची होती. त्यांनी माझं शिक्षण विचारलं नाही. मास्तर माणसाने शिक्षण न विचारणं ही केवढी मोठी गोष्ट, ते माझं मला माहीत. नर्सरीचे मालक निघताना म्हणाले होते, "नाही जमलं तर ये परत. पाणी घालायला माणूस लागतोच." प्रेमानेच म्हणाले. तरी हे काम मोडलं असतं तर दुसरं कोण देणार होतं मला? मी भंडाऱ्याकडचा, या तालुक्यात ना पाहुणा ना रावळा.

गुरुजींच्या पूर्वेला त्यांच्या थोरल्या भावाचं शेत. वाटणीपासून दोघांचं बोलणं बंद. गुरुजींच्या पत्नीने, म्हणजे काकूंनी, पहिल्याच दिवशी भाकरी वाढताना बजावलं होतं, "त्या बांधाच्या नादी लागू नगा." मी मान हलवली. पण आमच्याकडे बांधाला धुरा म्हणतात आणि धुऱ्यावरून सगळं गाव भातात ये-जा करतं. त्यामुळे बांध ही घाबरायची वस्तू आहे, हे माझ्या काही डोक्यात शिरलं नाही. मी मजेत एक वळणदार पायवाट आखली, ती नेमकी बांधाला हातभर अंतर ठेवून.

मग म्हणालो, "काकू, तुम्ही चाफा व्हा."

"म्हंजी काय करू?"

"काही नाही. छत्री धरून इथे उभ्या राहा."

काकू बांधाजवळ उभ्या राहिल्या. गुरुजी खिडकीत बसले. मी फक्कीचं घमेलं घेऊन मधे. एवढ्यात बांधावर गुरुजींचे थोरले भाऊ, आबा, आले. त्यांनी पांढरी रेघ बघितली, रेघेच्या टोकाला उभं केलेलं माणूस बघितलं, माझ्या हातातला टेप बघितला आणि आल्या पावली माघारी गेले. मला वाटलं, बरे गेले बिचारे. पाच मिनिटांत ते प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला जुना नकाशा घेऊन परत आले.

"नोटीस न्हाई, काय न्हाई, आन् मोजणी चालू? तुमी कोन? मोजणी हापिसातले का?"

"न-नाही आबा. मी झाडांचा माणूस."

"मंग ही फक्की कशाची?"

"पायवाटेची."

"वाकडी?"

"वाकडीच छान दिसते."

"आन् ती बाई छत्री धरून का हुबी हाय?"

"त्या चाफा आहेत."

आबांनी आधी माझ्याकडे, मग काकूंकडे बघितलं. काकूंनी डोक्यावरचा पदर नीट केला आणि छत्री सरळ धरली. चाफ्याने असंच उभं राहायचं असतं, अशी त्यांची समजूत दिसली.

मला वाटलं, संपलं आता. आबा चार माणसं बोलावणार, गुरुजी म्हणणार नको ती बाग. पण आबा नकाशा काखेत धरून म्हणाले, "चाफा हितं जमायचा न्हाई. दुपार कलली की सावली माझ्या जनावरांच्या घासावर पडंल. माघारी घ्या त्याला."

बोलणं खरं होतं. मी काकूंना चार पावलं मागे घेतलं.

"आनखी."

काकू आणखी सरकल्या. असं करत करत चाफा थेट खिडकीपुढे आला.

"त्यांना सांगा," गुरुजी आतून मला म्हणाले, "मला खिडकीतून झाड बघायचंय, झाडाचा बुंधा नाही."

आबा पंधरा पावलांवर होते, त्यांना सगळं ऐकू येत होतं. तरी मी जाऊन सांगितलं. आबा म्हणाले, "त्याला सांगा, खिडकी दुसरीकडं काढायची हुती." मी तेही जाऊन सांगितलं. तिसऱ्या खेपेला माझाच पाय फक्कीवर पडून पायवाट पुसली. आखलेलं सगळं माझ्याच चपलेने चाललंय, हे बघून रडू यायचं बाकी होतं.

तेव्हा चाफाच बोलला. "दोघांचं झालं का? मी रोज धुनं धुती ते टळटळीत उन्हात. मला कुनी इचारलंय?" काकू तरातरा चालत घराच्या मागच्या अंगाला, धुण्याच्या दगडापाशी गेल्या आणि छत्री उघडून दगडावर बसल्या. "चाफा हितंच. लावायचा असंल तर लावा, न्हाई तर ऱ्हाऊ द्या."

तिथून सावली आबांच्या घासावर पडत नव्हती आणि खिडकीही मोकळी राहत होती. मी आठ वर्षं रोपं सांभाळली, पण ही जागा मला दिसली नव्हती. मी धावत जाऊन खुंटी ठोकली.

आता पश्चिमेचा कडुलिंब राहिला होता, आणि उभं करायला माणूस उरला नव्हता. माझ्या हातात टेप. मी इकडे तिकडे बघतोय तोच काकू दगडावरूनच आबांना म्हणाल्या, "दादा, आलाच हाय तर तिकडं जाऊन हुबं ऱ्हावा की जरा. लिंबाचं माप घेऊ द्या त्यान्ला."

मी मान खाली घातली. आता शिव्या येणार, असं वाटलं. आबांनी आधी खिडकीकडे बघितलं. मग नकाशाची पिशवी बांधावर दगडाखाली ठेवली, खाली उतरले आणि माझ्या उरल्यासुरल्या पायवाटेवरून, रेघ न तुडवता, वळण होतं तिथे वळण घेत पश्चिमेला गेले. काकूंनी माझ्या हाती छत्री पाठवली. ती आबांनी आधी नको म्हटली, मग उघडली.

मी टेप धरून उभा. घाम नाकावरून टपकत होता, पण पुसायचा धीर होईना.

"लिंबाला सांगा," गुरुजींचा आवाज आला, "दोन पावलं डावीकडे."

मी सांगायला तोंड उघडलं, तोवर लिंब सरकला होता.