मरायला लावलेली तूर

मेडशीजवळच्या त्या शेतात सकाळी पोचलो, तर आमचा तुरीचा प्लॉट हिरवागार उभा. रात्री कडाक्याची थंडी पडून गेली होती, तरीही. तीन वर्षं मी अशा कडक थंडीची वाट पाहत होतो.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. मी संशोधन केंद्रात पैदासकार होतो, म्हणजे पिकांचे नवे वाण काढणारा. तूर ऐन फुलावर असताना कडाक्याची थंडी पडली की फुलं जळतात. आम्ही बियाण्यावर गामा किरण सोडले होते. त्याने बियाण्याचे गुण बदलतात, बहुतेक वेळा बिघडतातच. पण हजारांत एखादं झाड थंडी सोसणारं निघू शकतं. ते ओळखायचं तर सगळी झाडं उघडी टाकायची, मरतील ती मरू द्यायची आणि उरेल त्याचं बी धरायचं. म्हणून मुद्दाम नाल्याकाठची खोलगट जागा घेतली होती. थंडी तिथे साचते.

जागा उत्तमरावांची. जेमतेम दोन एकर जमीन, आमच्या प्लॉटला लागूनच त्यांची स्वतःची तूर. ते लाल डोळ्यांनी समोर आले. बांधावर राखेचे ढीग होते.

"धूर केलात?"

"मंग? थंडी पडून राह्यली होती. तुमची तूर जळू देतो का? एक फूल नाई झडलं, पाहा."

मी भडकलो. "कोणी सांगितले होते हे उद्योग? वाटोळं केलंत माझ्या कामाचं. मरायलाच लावली होती ती!"

ते गोंधळले. "मरायले? मंग आमाले काहून नाई सांगलं, साहेब? तुमी तं म्हणे, लई मोलाचं बी हाय, जपजा."

खरंच होतं. ऑफिसात माझ्या वरच्या साहेबांना मी तक्ते काढून सगळा प्रयोग समजावला होता. उत्तमरावांना नुसतं 'जपा' म्हणून एसटी पकडली होती.

मग पलीकडे नजर गेली. त्यांची तूर काळी पडली होती.

"तिकडे नाही केलात धूर?"

"वर्षाचं सरपण तेवढंच व्हतं. एकाच तुकड्याले पुरलं. आपली तूर पुन्हा पेरता येते, तुमचं बी कुठं भेटते?"

मला स्वतःची लाज वाटली. माफी मागायची होती, पण ती न मागताच मी परतलो.

ऑफिसात साहेबांनी एकच विचारलं, "कोणती झाडं टिकली?"

"सगळीच."

"म्हणजे निवडण्याजोगं एकही नाही." योजना बंद झाली.

पुढच्या हंगामाआधी उत्तमराव पेरायला बी मागायला आले. घरचं काही उरलंच नव्हतं. मी प्लॉटचं पोतं दिलं.

"हे थंडी सोसते ना, साहेब?"

"यात असेल एखादा दाणा. कोणता, ते आता कोणालाच सांगता येणार नाही."

 उत्तमराव पोतं खांद्यावर टाकून निघून गेले.

त्यानंतर प्रत्येक प्रयोगात मी शेतकऱ्याला आधी हेच सांगत आलो, की यातलं काय मरू द्यायचं आहे. पाच मिनिटं लागतात.