काजळी धरलेले प्लग

बाबा गेल्यावर त्यांची जुनी गाडी वर्षभर अंगणात उभीच होती; मी आठवड्यातून एकदा ती नुसती सुरू करून बंद करायचो. शेवटी ती विकायची ठरली, आणि नेमकी गिऱ्हाईक यायच्या दिवशी सकाळी सुरू होईना. मी मेकॅनिकला फोन लावत होतो, तेवढ्यात आई पदर खोचून आली. तिने बॉनेट उघडलं, पान्याने चारही प्लग काढले आणि पायरीवर बसून त्यांची काजळी पॉलिश पेपरने हलक्या हाताने घासू लागली.

"आई, हे तुला बाबांनी कधी शिकवलं?"

"शिकवायला कशाला हवं? इतकी वर्षं त्यांना टॉर्च कोण धरत होतं?"

मी बाबांचे हात पाहत आलो होतो. शेजारी उजेड धरून उभं असलेलं माणूसही सगळं शिकत असतं, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं.

प्लग परत बसवल्यावर गाडी दोनदा खोकली आणि सुरू झाली. गिऱ्हाईक आलं, तेव्हा आईने कागदपत्रांआधी त्याला इंजिनापाशी नेलं.

"हा तिसरा प्लग लवकर काळा होतो, घासून घेत जा," ती म्हणाली. "पण तिच्यावर वैतागू नका हं. हे कधी वैतागले नाहीत."